भाताचा वाटा

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी तेहतीस वर्षे गेली. दरवर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ‘भारतीय अर्थव्यवस्थेत शेतीचे स्थान’ हे प्रकरण सुरू होई आणि मी फळ्यावर दोन आकडे लिहीत असे. पहिला कधी बदलला नाही : १९५०-५१ साली राष्ट्रीय उत्पन्नातला शेती व संलग्न व्यवसायांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. दुसरा दर दोन-तीन वर्षांनी नव्याने लिहावा लागे आणि तो बहुधा खाली सरकलेला असे. आज तो अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. मुले वहीत ‘शेतीचे घटते महत्त्व’ असे शीर्षक लिहून त्याखाली दोन रेघा ओढीत आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळे.

नेमक्या त्याच पंधरवड्यात आमच्याकडे लावणी असे. रविवारी दिवसभर चिखलात उभे राहिलेला माणूस सोमवारी खडू हातात घेऊन शेतीचा वाटा किती घसरला हे सांगत असे, आणि त्यात काही विसंगत आहे असे मला कधी वाटले नाही. आकडे खरे होते, चिखलही खरा होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय हा प्रश्न मात्र पडायला सेवानिवृत्तीनंतरची सहा वर्षे जावी लागली. आणि तोही आपणहून पडला नाही, एका गिऱ्हाइकामुळे पडला.

आमचे गाव खडवली. कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा सोडले की पुढचे स्टेशन. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक असते ते नदीमुळे. उन्हाळ्यात रविवारी कल्याण-डोंबिवलीची निम्मी तरुणाई भातसेच्या पात्रात डुंबायला उतरते. आमची तीन एकर जमीन नदीपासून चार खाचरे सोडून आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चुलतभावाचा फोन आला की एक गिऱ्हाईक आहे, एकरकमी घेतो म्हणतो, समृद्धी महामार्ग पुरता सुरू झाला की भाव वाढेल पण तोवर थांबायला तो तयार नाही. (इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा त्याच वर्षी ५ जूनला सुरू झाला, नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या कल्याण तालुक्यातून जातो.) शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून मी सहज विचारले की गिऱ्हाईक शेतकरी आहे का. भाऊ हसला. मराठवाड्यात कुठेशी त्याच्या नावावर वीस गुंठे असून शेतकरी असल्याचा दाखला तयार होता. त्या दाखल्यावरचा शेतकरी आमच्या शेतावर बंगला बांधणार होता. तिघे भाऊ राजी होते. त्याच्या वकिलाला सगळ्या वारसांची संमतिपत्रे हवी होती, त्यात आत्याचेही. आणि मी वडीलधारा व ‘शिकवण्यातला माणूस’ म्हणून तिच्याकडे जाण्याचे काम माझ्याकडे आले.

कागद चाळताना प्रथम हाताला लागला तो आजोबांच्या नावचा ‘३२ म’ चा दाखला. ज्यांच्या घरात कुळाची जमीन आहे त्यांना हा आकडा सांगावा लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आजोबा कल्याणच्या एका जमीनदाराचे कूळ होते. भात झोडून झाले की खळ्यावरच वाटा व्हायचा आणि मालकाचा वाटा आधी उचलला जायचा. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या शेजारच्याच स्टेशनाला, महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ते ठाऊक असते. तिथूनच ती ठिणगी पुढे डहाणू-उंबरगावच्या वारल्यांपर्यंत गेली. आजोबा अधिवेशनाला गेले होते की नाही हे घरात कोणी सांगू शकत नाही. मी मोठा होईपर्यंत त्यांना विचारायचे सुचले नाही आणि सुचले तेव्हा ते नव्हते. १९४८ साली कूळकायदा आला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला : त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची आणि ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत असू शकत होती. आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली. शेवटच्या हप्त्याची पावती आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली आहे.

असे मिळालेले शेत कुळाने लगेच विकून टाकू नये म्हणून त्याच कायद्याच्या कलम ४३ ने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विक्रीला मज्जाव केला होता. आमच्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तो शेरा साठेक वर्षे होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. दाखला मिळून दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरावी आणि मोकळे व्हावे. आमच्या उताऱ्यावर आकार नऊ रुपये काही पैसे आहे. चाळीसपट म्हणजे चारशे रुपयांच्या आत. ज्या बंधनामागे एवढी चळवळ, तुरुंगवास आणि कायदा उभा होता, ते उठवायला आम्हाला टिटवाळ्यापर्यंतच्या रिक्षाभाड्याइतका खर्च आला. तक्रार म्हणून हे सांगत नाही. ज्या भावाने पैसे भरले त्याच्या जागी मी असतो तर मीही भरलेच असते.

आता शास्त्राकडे येतो, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. ब्रूस जॉन्स्टन आणि जॉन मेलर यांचा १९६१ सालचा निबंध आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना तोंडपाठ असे. विकसनशील देशात शेतीने अर्थव्यवस्थेसाठी काय करायचे असते? वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरवायचे, निर्यातीतून परकी चलन मिळवायचे, कारखान्यांना माणसे द्यायची, भांडवल द्यायचे आणि कारखान्यांच्या मालाला बाजार द्यायचा. पाच कामे. ती चोख बजावली की शेतीने हळूहळू मंचावरून मागे सरकावे. त्याआधी, १९५४ साली, आर्थर लुइस यांनी माणसांच्या स्थलांतराचे गणित मांडले होते : शेतात इतकी माणसे दाटीवाटीने राबत असतात की त्यांतली काही काढून घेतली तरी पीक घटत नाही, आणि ही ‘जादा’ माणसे पोटापुरत्या मजुरीवर कारखान्यात येतात. हे सारे मी मनापासून शिकवले आणि त्यातले बरेचसे आजही मानतो. माणसांनी शेतीबाहेर पडणे हाच गरिबीतून निघण्याचा रस्ता आहे, हे मी माझ्या आईची वाकलेली पाठ पाहून शिकलो आहे, पुस्तकातून नव्हे. लावणीचा दिवस संपल्यावर तिला सरळ उभे राहायला जितका वेळ लागे तितक्यात आमचा चहा निवत असे.

पण लुइसच्या आकृतीत माणूस शेतातून निघतो आणि कारखान्यात पोचतो. आमच्याकडे तो निघतच नव्हता. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ साली आली, वाशिंदपर्यंत १८५५ साली. म्हणजे देशातली पहिली गाडी धावल्यानंतर दोनच वर्षांत आमच्या शिवारातून रूळ गेले. त्यामुळे या पट्ट्यातल्या माणसाला शहरात जाण्यासाठी गाव सोडावे लागले नाही. वडील उल्हास नदीकाठच्या एका कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की गाडीने खडवलीला उतरत आणि घरी न जाता आधी शेतावर चक्कर टाकत. पहिली पाळी असली की दुपार शेतात जाई, तिसरी असली की सकाळ. वर्षाची हक्काची रजा त्यांनी कधी फिरण्यासाठी घेतली नाही. निम्मी लावणीला आणि निम्मी कापणीला. जनगणनेचा मास्तर आला की ते ‘नोकरी’ सांगत आणि आईच्या नावापुढे काहीच लिहिले जात नसे.

भात हे आमचे एकच पीक, त्यामागून खाचरातल्या ओलीवर वाल. चैत्र-वैशाखात राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, गवत, टहाळ रचून आग द्यायची आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी टाकायचे. पुढे रोपांची, म्हणजे आमच्याकडे म्हणतात त्या आवणाची, लावणी. सत्तरीच्या दशकात वडिलांनी कारखान्यातल्या कोणाकडून तरी ऐकून ‘जया’ आणि ‘रत्ना’ ही नवी बियाणी आणली, युरिया आणला, उत्पन्न वाढले. आजोबांना त्या भाताची चव शेवटपर्यंत आवडली नाही आणि घरच्यापुरता एका खाचरात कोलम राहिलाच. हे भात बाजारात जवळजवळ कधी गेले नाही. ते घरात खाल्ले गेले. आमच्या घरात वर्षाचा तांदूळ विकत आणल्याचे मला आठवत नाही, आणि इथेच मला मी शिकवलेल्या प्रकरणातली फट दिसू लागली.

वडिलांच्या पगारातून तांदूळ घ्यावा लागत नव्हता. लाकूडफाटा, वाल, राहण्याची जागा, यांतले काहीच घ्यावे लागत नव्हते. म्हणजे त्या पगारात जे कुटुंब चालले ते केवळ त्या पगारावर चालले नसते. कामगाराला जगवण्याच्या खर्चाचा एक मोठा भाग त्याचे स्वतःचे शेत, म्हणजे व्यवहारात त्याची बायको आणि आई, भरीत होती. जॉन्स्टन-मेलरांच्या पाच कामांत हे काम नाही. लुइसला मात्र ते दिसले होते, आणि त्याने ते फार निष्ठुरपणे मांडले आहे : शेतीतल्या माणसाची मिळकत कमी राहण्यात कारखानदाराचा थेट फायदा असतो, कारण मजुरी त्या मिळकतीशी बांधलेली असते. ते वाक्य मी वर्गात सांगत असे. आफ्रिकेतल्या वसाहतींचे उदाहरण देत असे. आंबिवली, शहाड, खडवली ही नावे माझ्या तोंडी कधी आली नाहीत.

सरकारलाही हे ठाऊक होते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करून १९३१ मध्ये अहवाल दिला. गिरणीमालकांची रड अशी की कामगार पेरणी-कापणीला गावी पळतो, टिकत नाही. आयोगाने म्हटले, गावाशी असलेला हा दुवा तोडू नका, तो एकंदरीत हिताचाच आहे. आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी माणसाला परत जायला जागा असते. बेकारीचा भत्ता, निवृत्तिवेतन, प्रसूतिगृह, वृद्धाश्रम, जे जे शहरात नव्हते ते गावात आहे असे त्यात गृहीत धरलेले होते. त्याचा खर्च कोण करतो याची चौकशी करण्याची गरज तेव्हा फारशी कोणाला वाटली नाही.

तो खर्च आम्ही १९८२ साली जवळून पाहिला. काका परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. संपात माणसे जगली कशी याचे उत्तर मात्र लालबागेत कमी आणि कोकणात, घाटावर, आमच्यासारख्या गावांत अधिक सापडते. काका, काकी आणि दोन मुलगे खोलीला कुलूप लावून आले. त्या वर्षी तीन एकरांत दोनऐवजी चार मोठी माणसे राबली, आणि भात जवळपास तितकेच झाले जितके आदल्या वर्षी झाले होते. शास्त्रात याला सीमान्त उत्पादकता शून्य असणे म्हणतात. ताटात वाढताना आजी याला काय म्हणत असे ते लिहिण्यासारखे नाही. पण वाढत मात्र असे. काका परत गिरणीत गेले नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, जो माझाही होता. मुंबईच्या भोवतालच्या शेतीने मुंबईला पोसले असे आपण सहज म्हणतो. अन्नापुरते ते फारसे खरे नाही. मुंबई दुसऱ्या महायुद्धापर्यंत पुष्कळसा ब्रह्मदेशचा तांदूळ खात होती. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले, ती आवक तुटली, आणि पुढल्या वर्षी शहरात रेशनिंग आले. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांवर भाताची लेव्ही बसली ती तेव्हा. एरवी आमचे भात आम्हीच खाल्ले. मग या जमिनीने मुंबईला दिले काय?

गवत दिले. तबेल्यांतल्या म्हशींसाठी आणि त्याआधी ट्रामच्या व व्हिक्टोरियाच्या घोड्यांसाठी ठाणे जिल्ह्यातल्या वरकस जमिनी आणि जंगलपट्ट्यांतून गवताचे गठ्ठे रेल्वेने जात. १९४५ च्या ऑक्टोबरात वारल्यांनी जो संप केला तो पाचशे पौंड गवत कापणीला अडीच रुपये मिळावेत यासाठी होता. त्या अडीच रुपयांपायी तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसे मेली. मुंबईतल्या दुधाच्या पेल्याचा भाव असा कुठल्या कुठे ठरत होता.

विटा दिल्या. हिवाळ्यात नदीकाठच्या शेतांत भट्ट्या लागतात. खाचराचा वरचा हात-दीडहात थर भट्टीवाल्याला विकायचा, त्याने तो थापायचा आणि आमच्याच भाताच्या तुसात भाजायचा. थापणारे बहुतेक कातकरी, दिवाळीनंतर उचल घेऊन येणारे. वडिलांनी एका अडचणीच्या वर्षी एक खाचर असे खरवडू दिले. पुढे कित्येक वर्षे त्या खाचरात भात पिवळे पडे आणि बांधावरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत. डोंबिवलीत ज्या चाळीत मी लग्नानंतर पहिली भाड्याची खोली घेतली तिच्या भिंतींत आमच्या शिवारातली माती असण्याचा संभव मी एकदा बायकोला बोलून दाखवला होता. ती म्हणाली, म्हणूनच पावसात गळते.

आणि पाणी दिले. शहापूरजवळच्या भातसा धरणातून मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे येते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रानेच आमच्या गावावरून खाली पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि पुढे शहरात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आमची खाचरे भेगाळलेली असतात तेव्हा चार खाचरांपलीकडून घाटकोपर-कुर्ल्याची अंघोळ वाहत असते. काठावरचे काहीजण पंप टाकून भेंडी-काकडी करतात. आमच्या शेतापर्यंत पाइप नेण्याचा बेत वडिलांनी दोनदा केला. दोन्ही वेळा पैसे पोरांच्या शिक्षणाला लागले, त्यातले एक शिक्षण माझे.

यांतले राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात ‘शेती’ या ओळीखाली किती येते? घरी खाल्लेल्या भाताची किंमत अंदाजाने धरतात, हे न्याय्य आहे. विटा उद्योगात जातात. पाणी पाणीपुरवठ्यात. स्वस्तात मिळालेल्या कामगाराचा लाभ कारखान्याच्या नफ्यात. संपातल्या दीड वर्षाच्या जेवणांची नोंद कुठेच नाही. आणि जमीन विकली तर ती रक्कम उत्पन्नात धरतच नाहीत, कारण त्यात नवे काही निर्माण झालेले नसते, आहे ती मालमत्ता फक्त हात बदलते. हिशेबाच्या नियमाप्रमाणे हे अचूक आहे. मी परीक्षेत यावर दोन गुणांचा प्रश्न काढीत असे.

हॅरॉल्ड मान या कृषिशास्त्रज्ञाने पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे खेडे निवडून त्याची शेतन् शेत पाहणी केली आणि १९१७ साली ती छापली. तिथे १७७१ साली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. वारसांत वाटण्या होऊन तुकडे इतके झाले होते की पोट भरण्यासाठी बाहेरच्या मजुरीचा आधार लागत होता. भारतीय शेतीवरच्या अभिजात अभ्यासांत तो गणला जातो. आज पिंपळे सौदागर उंच इमारतींचे उपनगर आहे. मानने मोजलेल्या तुकड्यांचा प्रश्न असा सुटला. आमच्या तीन एकरांचे एकशेवीस गुंठे, आम्ही चार भाऊ, माणशी तीस. आमच्या मुलांची संख्या मी इथे लिहीत नाही.

पण हा भागाकार चारानेच का, हे सांगायला हवे. आजोबा १९७९ साली गेले. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. १९८१ मध्ये आत्याने हक्कसोड केला. रीत तशीच होती, सगळ्या घरांत होत असे, तिला कोणी दमदाटी केली नाही. तिने अंगठा दिला, आईने साडीचोळी केली, वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितले की दरवर्षी झोडणी झाली की तुझे एक पोते तुझ्या दारात येईल. ते येत राहिले, वडील गेल्यावरही. लग्नापूर्वी या शेतात तिने जितकी रोपे लावली असतील तितकी आम्हा चौघा वारसांनी मिळून लावलेली नाहीत. लग्नानंतरही वाशिंदपलीकडच्या तिच्या गावची लावणी उरकली की ती चार दिवस सावडीला येई. १९५७ साली कायद्याने विचारले, जमीन कोण कसतो? उत्तरात आजोबांचे नाव लिहिले गेले. ते खोटे नव्हते, एवढेच.

२०२० च्या टाळेबंदीत काकांचा नातू भिवंडीच्या एका गोदामातले काम सुटून घरी बसला. त्या वर्षी त्याने ट्रॅक्टर भाड्याने आणून सारे शेत स्वतः केले. आदली तीन वर्षे त्यातले एक एकर पडीक होते. देशभर हेच घडत होते. श्रमशक्तीच्या सरकारी पाहणीत शेतीवर असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ साली ४२.५ टक्के होते ते २०१९-२० मध्ये ४५.६ झाले. कित्येक दशके उतरत आलेली रेघ वर वळली, आणि २०२३-२४ मध्येही ती ४६.१ वर होती. हे आकडे आले तेव्हा मी निवृत्त झालो होतो, नाहीतर फळ्यावर काय शीर्षक लिहिले असते कोण जाणे. अठरा टक्के उत्पन्नावर सेहेचाळीस टक्के माणसे, हे मागासलेपणाचे लक्षण म्हणून शिकवतात आणि ते तसे आहेच. पण ही माणसे तिथे गेली कारण त्यांना जाण्यासारखे दुसरे काही नव्हते. शहराने ज्यांना एका आठवड्यात सोडून दिले त्यांना घ्यायला निदान तीस-तीस गुंठे उभे होते. आता ते गुंठे विकायचे, आणि मी अर्थशास्त्राचा माणूस म्हणून भावांना सांगू शकत होतो की विक्रीच्या रकमेच्या नुसत्या व्याजात आपल्या पिकाच्या कितीतरी पट तांदूळ येईल. हे खरेच आहे. मी ते सांगितलेही.

मे महिन्याच्या शेवटी संमतिपत्र घेऊन आत्याकडे गेलो. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला होता, इतका लवकर की बऱ्याच जणांचे राब भाजायचेच राहिले होते. आत्या चौऱ्यांशी वर्षांची. ऐकू कमी येते, दिसते चांगले. मी सगळे सांगितले : रक्कम, वकील, कागद का हवा, तुझा हक्क १९८१ लाच सुटला असला तरी तुझ्याही नावे काही रक्कम ठेवायचे आम्ही ठरवले आहे वगैरे. शेवटचा भाग मी वाटेत गाडीत ठरवला होता. भावांना अजून माहीत नव्हता. तिने कागद उलटसुलट पाहिला.

“सही करते रे. आता अंगठा नको, नातीने शिकवलीय सही. पण यंदाचं काय? बी टाकलं का?”

मी म्हटले, राब भिजला, अजून काही ठरले नाही.

“मग आधी ते बघा. शेत रिकामं ठेवून इकतात होय? आवण लावून घ्या, मग या.”

यात युक्तिवाद करण्यासारखे काही नव्हते. भावांना मी सांगितले की आत्या दिवाळीनंतर सही करते म्हणाली, जे अर्धसत्य होते. गिऱ्हाइकाने थोडी कुरकुर केली आणि थांबला. पुतण्याने चिखलावरच बी फोकले, जुलैत लावणी झाली. मी चार दिवस गेलो. त्यातले दोन दिवस बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो हे कबूल करतो. पीक उभे राहिल्यावर पुतण्या मोबाइलवर ई-पीक पाहणी भरत होता. पूर्वी हा रकाना तलाठी भरत, आता २०२१ पासून शेतकऱ्यानेच फोटो काढून भरायचा असतो. पाण्याच्या साधनाचा प्रश्न आला तेव्हा त्याने नदीकडे एकदा पाहिले आणि कोरडवाहू असे भरले.

कापलेले भात दिवाळीच्या पावसात भिजले, झोडणी लांबली. तीन एकरांत तेहतीस क्विंटल झाले. हमीभावाने, म्हणजे क्विंटलला २,३६९ रुपये धरून, अठ्ठ्याहत्तर हजार होतात; खर्च मी वहीत मांडला तो सदुसष्ट हजारांवर गेला, आणि त्यात पुतण्याची मजुरी धरलेली नाही. विकण्याचा प्रश्न तसा आलाच नाही, चारी घरांत वाटले गेले. एक पोते टेंपोत टाकून आत्याकडे पोचते केले. ती अंगणात उन्हाला बसली होती. तिने मूठभर भात तळहातावर चोळले, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, ओल आहे अजून, पसरून ठेवा.

संमतिपत्र त्या दिवशी माझ्या पिशवीत होते. काढले नाही. परवा चुलतभावाचा पुन्हा फोन आला होता.